न आलेल्या कार्डाचे पेढे

मैदान रिकामं होतं. शनिवारचे सव्वाबारा वाजलेले, माझ्या हातात संत्र्यांच्या फोडींचा डबा, आणि समोर पाणी साचलेलं गवत. एक पोर नाही की एक गाडी नाही. मला आधी वाटलं, मीच दिवस चुकले. मग कुंपणाच्या दाराला चिकटवलेला कागद दिसला. पोरांच्या कोचचं, केव्हिनचं अक्षर. रात्रीच्या पावसामुळे सिटीनं मैदान बंद ठेवलंय, विंडसरवाल्यांनी त्यांच्याकडे बोलावलंय, सगळी पोरं माझ्या व्हॅनमधून नेतोय, सामना नदीकाठच्या पार्कात, सहापर्यंत परत आणतो. खाली एक हसरा चेहरा काढलेला.

विंडसर म्हणजे कॅनडा. आमच्या ट्रॉयहून पाऊण तासाची ड्राइव्ह, मध्ये नदी, नदीवर पूल. इथले लोक शनिवारी नुसते जेवायला म्हणून पलीकडे जाऊन येतात. पण त्या व्हॅनमध्ये आमची मिनू होती, आणि मिनूनं या देशाबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. वकिलानं मला समोर बसवून हे तीनदा सांगितलं होतं.

डबा हातातून सुटला, फोडी चिखलात गेल्या. मी तिथंच उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या, मोठ्यानं, मराठीत. ऐकायला होतंच कोण!

मिनू म्हणजे मृणालिनी, माझ्या धाकट्या बहिणीची, सुलभाची मुलगी. सुलभा काविळीनं गेली तेव्हा पोर आठ वर्षांची होती. बापानं वर्षभरही कळ काढली नाही, दुसरं लग्न करून मोकळा झाला, आणि मला पत्र पाठवलं की मुलगी नव्या बाईला जड होते आहे, तुम्ही नेत असाल तर न्या. जड होते आहे म्हणे! पोतं होतं का ते? आम्हाला मूलबाळ नाही. मी आणि पुरुषोत्तम तसेच कराडला गेलो आणि चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तिला व्हिजिटर व्हिसावर घेऊन आलो. व्हिसा सहा महिन्यांचा. तो कधीच संपला.

वकील म्हणाला, घाबरू नका. तुम्ही दोघं नागरिक झालेले आहात, दत्तकाचे कागद कोर्टात आहेत. मुलगी सलग दोन वर्षं तुमच्या घरात तुमचं मूल म्हणून राहिली, एवढं सिद्ध झालं की तिला ग्रीन कार्ड मिळेल. सगळी केस त्या दोन वर्षांवर उभी आहे. तोवर ती देशाबाहेर गेली तर मात्र परत आत येता येणार नाही, मग मी काही करू शकत नाही. म्हणजे कराड. म्हणजे तो बाप आणि ती बाई. हा जून शहाऐंशी. दोन वर्षं भरायला अकरा आठवडे उरले होते.

आता तुम्ही विचाराल, मग केव्हिनला हे माहीत नव्हतं का? नव्हतं. का नव्हतं, तेही सांगते, लाज वाटली तरी सांगते.

केव्हिन हॅनराहन ऑस्ट्रेलियन. पुरुषोत्तमच्याच कंपनीत तीन-चार वर्षांसाठी आलेला इंजिनियर. त्याला त्याच्या देशातल्या फुटबॉलशिवाय करमेना, म्हणून त्यानं ट्रॉयमध्ये पोरांचा क्लब काढला, एमूज नावाचा. लांबट चेंडू, तो फेकायचा नाही, मुठीनं नाहीतर पायानं मारायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या खांबांतून लाथेनं थेट गेला तर सहा पॉइंट, बाजूनं गेला किंवा वाटेत कोणाचा हात लागला तर एकच. मला त्यातलं एवढंच कळतं. माझं काम संत्री कापून आणायचं. दर ब्रेकला पोरांनी संत्री खायची, ही त्यांच्याकडची रीत.

मिनू इथं आली तेव्हा शाळेत सहा महिने तिनं तोंड उघडलं नव्हतं. टीचरनं तर मला बोलावून विचारलं, हिला ऐकू येतं ना? शेवटी पुरुषोत्तमनं तिला या क्लबात नेऊन घातलं. तिथले नियम दोनच. पहिला, जो येईल तो खेळणार, आणि सगळे सारखाच वेळ खेळणार, त्यापायी हरलो तरी हरकत नाही. आणि दुसरा, अंपायरला दिसलं नसलं तरी आपला हात चेंडूला लागला असेल तर आपण होऊन हात वर करायचा. जो करेल त्याला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या. त्या टाळ्यांपायी माझं पोर बोलायला लागलं हो. घरीसुद्धा हात वर करायची. मावशी, दूध मी सांडलं. मावशी, काकाचा चष्मा माझ्या पायाखाली आला. मी ओरडायचे आणि आत जाऊन हसायचे.

आणि मी काय केलं? पेढे वाटले.

एप्रिलमध्ये मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, जवळच्या नोव्हाय गावात, लताच्या घरी. लताला दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय अन्न पचत नाही. वीस बायकांच्या देखत तिनं विचारलं, काय गं पद्मजा, मृणालचा व्हिसा सहाच महिन्यांचा होता ना, मग अजून कशी इथं? सगळ्यांच्या हातातली डाळ हातातच राहिली. कोणी कोणाचं नाव इमिग्रेशनला कळवलं, कोणाला कागद आला, असल्या गोष्टी तेव्हा सारख्या कानावर यायच्या. चोराच्या मनात चांदणं. मी म्हणाले, अगं, तिचं ग्रीन कार्ड आलंसुद्धा. लता म्हणाली, आणि पेढे नाहीत?

झालं. पुढच्या रविवारी रिकोटा चीज आणि मिल्क पावडर आटवून मी परातभर पेढे वळले. पुरुषोत्तम दारात उभा राहून म्हणाला, हे बरं नाही. मी म्हटलं, तू वेलची कूट. मंडळात वाटले, क्लबात वाटले, केव्हिनला चार जास्त दिले. त्यानं मिनूला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारली. निदान पोरीला तरी खरं सांगायचं? तेही नाही. ती हात वर करून सगळ्या गावाला सांगेल, ही मला भीती. उलट तिला कुशीत घेऊन म्हटलं, झाली बरं का तू अमेरिकेची.

गेल्या वर्षी विंडसरला जाऊन खेळायचा सामना आला तेव्हा तिला ताप आल्याचं सांगून घरी ठेवली होती. यंदाचा तिकडचा सप्टेंबरात होता, तोवर सगळं पार पडणार होतं. आजचा आमच्या मैदानावर होता. सकाळी नऊला पुरुषोत्तम तिला सोडून आला, मी सकाळच्या शिफ्टला लॅबमध्ये गेले. कोणाच्या मनात काही नव्हतं.

गॅस स्टेशनवरून वकिलाला फोन केला. मशीन बोललं, सोमवारी सकाळी नऊला करा. मग घरी केला. पुरुषोत्तमनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मी सोडलं गं तिला, मी व्हॅन बघितली होती, मला वाटलं चेंडू आणायला आणली असेल. मी त्याच्यावर ओरडले. नको ते बोलले. तो बिचारा म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, तू फोनजवळ बस आणि तिचा पासपोर्ट काढून ठेव.

पुलावर पलीकडच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठं निघालात? म्हटलं, पोरांचा सामना बघायला. त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं. व्हॅनलाही सकाळी असंच सोडलं असणार. पण परत येताना अमेरिकेच्या बाजूला असं नाही. तिथं विचारतात, सिटिझनशिप? बरेचदा तेवढंच विचारतात. पोरांनी भरलेली गाडी असली तर सगळे एका सुरात ओरडतात, यू.एस., आणि साहेब हसून सोडतो. पण आमची सत्यवती काय सांगेल? सांगेल, इंडिया, पण माझं ग्रीन कार्ड आलंय, मावशीनं पेढे वाटले. आणि तो म्हणेल, दाखव कार्ड. मला काही करून व्हॅन निघायच्या आत तिला गाठायचं होतं.

पार्क शोधताना दोनदा चुकले. पोचले तेव्हा सामन्याचा शेवटचा पाव भाग चालू होता. फळ्यावर आकडे होते, आम्ही पाचनं मागे. मिनू पुढे खांबांपाशी होती, वेणी सुटलेली, गुडघ्यावर चिखल. तिनं मला बघितलं आणि हात केला. इतकी खूश होती. आमच्यातल्या एका उंच पोरानं लांबून लाथ मारली, चेंडू खांबांकडे आला, मिनूनं झेलायला उडी मारली, तिच्या डोक्यावरून चेंडू थेट मधल्या खांबांतून गेला. आमची पोरं नाचायला लागली. खांबांमागच्या अंपायरनं दोन्ही निशाणं उचलली. सहा पॉइंट, म्हणजे जिंकलो.

आणि मिनूनं हात वर केला. बोट लागलं होतं म्हणाली. दुसऱ्या कोणाला दिसलंसुद्धा नव्हतं. अंपायरनं एक निशाण खाली ठेवलं, एकच पॉइंट दिला, शिट्टी झाली, आम्ही चारनं हरलो. केव्हिन लांबून टाळ्या वाजवत आला. मग आमची पोरं, मग विंडसरची पोरं, त्यांचे आईबाप. सगळं मैदान माझ्या पोरीसाठी टाळ्या वाजवत होतं, आणि मी कुंपणाला धरून उभी होते. हिला मी आता काय शिकवायला आले आहे, देवा!

तिला हाताला धरून बाथरूमच्या इमारतीमागे नेलं.

"मिनू, नीट ऐक. तुझं कार्ड आलेलं नाही."

"पण पेढे?"

"पेढे खोटे होते. लोकांची तोंडं बंद करायला वाटले. तुझ्याकडे काही कागद नाही. आता पुलावर माणूस विचारेल, सिटिझनशिप? तू म्हणायचं, यू.एस. बाकीची म्हणतील तसंच, तेवढंच."

"पण मी नाहीये."

"नाहीयेस म्हणूनच म्हणायचं!" मी तिचा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. "नाहीतर तुला कराडला पाठवतील, आणि मला जेलमध्ये टाकतील, तुला घरात ठेवून घेतलं म्हणून. हवंय का तुला ते?"

जेलचं वकील कधी बोलला नव्हता. ते मी रागाच्या भरात ठोकून दिलं. माझं हे असंच, जीभ आधी धावते. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं मान हलवली. दोन वर्षांचं मात्र मी तिला सांगितलं नाही, कधीच सांगितलं नव्हतं. मुलांना कशाला कायदे, असं वाटायचं मला.

मग केव्हिनकडे गेले. त्याला सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. तो चेंडू पिशवीत भरत होता, तो थांबला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, तू मला आधी का नाही सांगितलंस? मी इथं आलोच नसतो. कुठल्यातरी शाळेच्या अंगणात खेळलो असतो, नाहीतर खेळलोच नसतो. ज्या माणसानं एका शब्दावर सामना रद्द केला असता, त्याच्यापासून मी लपवलं, आणि कोणासाठी, तर लतासाठी.

मी विचारलं, तिला माझ्या गाडीत घेऊ का? तो म्हणाला, तुम्ही दोघीच असलात तर नक्की कागद विचारतील, व्हॅनमध्ये बसू दे. पण मी खोटं बोलणार नाही, पद्मजा, आणि दुसऱ्या मुलांना बोलायला सांगणार नाही. मला विचारलं नाही तर आपण होऊन सांगणारही नाही. त्याचा स्वतःचा व्हिसा कामाचा, बायको आणि तीन पोरं इथं. आणखी काय मागायचं होतं मी त्याच्याकडे?

व्हॅन पुढे, मी मागे. पुलावर रांग होती. काच उघडी टाकून मी रामरक्षा म्हणत होते, मध्येच विसरत होते आणि पहिल्यापासून सुरू करत होते. व्हॅन खिडकीपाशी पोचली. साहेब खाली वाकला. मला व्हॅनच्या मागच्या काचेतून नुसती डोकी दिसत होती. एक मिनिट गेलं असेल. मग साहेब सरळ झाला आणि त्यानं बाजूच्या इमारतीकडे बोट केलं. व्हॅन तिकडे वळली.

नंतर केव्हिननं सांगितलं ते असं. पोरं एकेक करून यू.एस. म्हणत गेली. मिनूही म्हणाली, अगदी स्पष्ट. साहेब पुढच्या पोराकडे वळलासुद्धा होता. आणि तिचा हात वर गेला. साहेबानं विचारलं, काय गं? ती म्हणाली, मी चुकीचं सांगितलं, मी इंडिया आहे.

मी माझी गाडी लावून आत धावले. लांब खोली, एक काउंटर, त्यामागे पिकल्या मिशांचा साहेब. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगते. मिनू काउंटरसमोर खुर्चीवर बसलेली, अंगात चिखलाची जर्सी. बाकीची पोरं भिंतीला टेकून फरशीवर. साहेब त्यांना सांगत होता की तुम्ही जा, फक्त ही थांबेल. एक पोर उठलं नाही. केव्हिन म्हणाला, आमच्यात कोणाला मागे टाकून जायची पद्धत नाही. साहेब म्हणाला, मिस्टर, इथं माझी पद्धत चालते. तरी कोणी उठलं नाही, आणि त्या घडीला मला वाटलं, सुटतोय आपण.

साहेबानं मला विचारलं, तुम्ही कोण? मी तोंड उघडायच्या आत मिनू बोलली. इंग्रजीत, भराभर.

"ती कोणी नाही. ती क्लबात संत्री आणते. मी तिच्याकडे राहत नाही."

साहेबानं विचारलं, मग कोणाकडे राहतेस? ती म्हणाली, कधी कोणाकडे, कधी कोणाकडे. या बाईंच्या घरी? नाही, कधीच नाही. साहेब लिहीत होता. त्याचं पेन चाललेलं मला दिसत होतं. दोन वर्षं रोज घातलेल्या वेण्या, गोवर आला तेव्हा तिच्या उशाशी काढलेले दिवस, शाळेच्या कागदांवरच्या माझ्या सह्या, सगळं तिच्या तोंडून पुसलं जात होतं, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला जेलमधून वाचवत होती माझी पोर.

गप्प बसले असते तर मला कोणी हात लावला नसता. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"ती खोटं बोलतेय. ही माझी मुलगी आहे. माझ्या बहिणीची आहे, पण माझी आहे. बावीस महिने माझ्या घरात आहे. व्हिसा संपला हे मला माहीत होतं. लपवलं ते मी, तिला काही माहीत नव्हतं."

"नो!" मिनू ओरडली. "डोन्ट लिसन टु हर!"

साहेबानं पेन खाली ठेवलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, मग केव्हिनला विचारलं, तुम्ही या मुलीला ओळखता, ही खोटं बोलते का? तो म्हणाला, आजपर्यंत कधीच नाही. आज बोलतेय. ती यांच्याकडेच राहते, मी त्यांच्या घरी जेवलो आहे.

साहेबानं ते सगळं लिहून घेतलं. पण आधीचं खोडलं नाही. मी विनवलं त्याला, हात जोडले, माझ्यासारख्या बाईनं. तो म्हणाला, मॅडम, मुलीनं सांगितलेलं मला काढता येत नाही. तुम्ही सांगितलेलं खाली आहे, तुमच्या वकिलाला दोन्ही वाचता येईल. मुलीला आज आत घेता येणार नाही. तुम्ही नागरिक आहात, तुम्ही जाऊ शकता.

सहा वाजत आले होते. फरशीवरची दोन लहान पोरं रडायला लागली होती. पलीकडे ट्रॉयच्या मैदानावर त्यांचे आईबाप येऊन उभे राहिले असणार. केव्हिन हलायला तयार नव्हता. शेवटी मीच त्याला म्हटलं, जा बाबा, घेऊन जा यांना. तो मिनूसमोर गुडघ्यावर बसून तिच्याशी काहीतरी बोलला, तिनं मान हलवली. पोरं एकेक करून तिच्या डोक्याला हात लावत बाहेर गेली. व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला, मग गेला.

मी मिनूला माझ्या गाडीत घातलं आणि उलटी वळले. कॅनडाच्या खिडकीतल्या बाईनं साहेबाचा कागद वाचला, बराच वेळ कोणाशी तरी फोनवर बोलली, आणि मंगळवारपर्यंत राहायची परवानगी दिली. पुरुषोत्तम पासपोर्ट घेऊन निघणार होता. सोमवारी नऊला वकील फोन उचलेल. तो काय म्हणेल ते मला आताच ऐकू येत होतं.

पूल उतरल्यावर मी एका बंद दुकानासमोर गाडी उभी केली, कारण मला रस्ता दिसेना. मी रडत होते. मिनू नाही. ती समोर बघत बसली होती.

"मावशी, तुला आता जेलमध्ये नाही ना टाकणार?"

"नाही."

"मग मी बरोबर सांगितलं ना? तुझ्याकडे राहत नाही म्हणून?"

तिला काय सांगू? त्याच एका वाक्यानं आपलं घर गेलं, हे सांगू? अकरा वर्षांच्या पोरीला?

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर सांगितलंस."

तिनं श्वास सोडला. तिच्या तोंडावर जरा रंग आला.

"पहिलं मात्र चुकलं माझं. पुढच्या वेळी तेही नीट सांगेन. तू साहेब हो, तू विचार. मी प्रॅक्टिस करते."

मी विचारलं नाही. थोडा वेळ तिनं वाट बघितली आणि मग स्वतःच दोघांचं काम करायला लागली. आवाज जाड करून विचारायची, सिटिझनशिप?, आणि मग आपल्या आवाजात सांगायची, यू.एस. पहिल्यांदा अडखळली. दुसऱ्यांदाही. पाचव्या खेपेला तिचं उत्तर इतकं सहज आलं, की मी साहेब असते तर तिला सोडलं असतं.